राजाने पाणी सोडले

एका राज्यात पाणी राजाचे ऐकत असे. म्हणजे अगदी कान देऊन ऐकत असे. राजा दीप्तसेन सकाळी सज्जात उभा राही आणि म्हणे, "पूर्वेच्या पाटा, आज ज्वारीकडे जा." की पाट निमूटपणे ज्वारीकडे वळे. "तळ्या, दोन हात उतर." की तळे दोन हात उतरे. शेजारचे राजे हे ऐकून मनात जळत, पण ती आग विझवायलासुद्धा त्यांच्या हुकमाने पाणी येत नसे.

ही करामत राजाची नव्हे, ओघनाथाची. ओघनाथ म्हणजे जलमांत्रिक. राज्याच्या मोठ्या तळ्यात एक भोवरा होता, त्या भोवऱ्याखाली त्याचे घर. राज्याभिषेकाच्या दिवशी हा गृहस्थ ओलेत्यानेच दरबारात आला, त्याने भर दरबारात नव्या राजाला जीभ बाहेर काढायला लावली आणि तिच्यावर पाण्याचा एक थेंब ठेवला. म्हणाला, "राजा, पाण्याविषयी तू जे बोलशील ते पाणी करील. शब्द मात्र जपून वापर. पाण्याला थट्टा कळत नाही, राग कळत नाही. त्याला फक्त शब्द कळतो."

"जपेन," राजा म्हणाला. राज्याभिषेकाच्या दिवशी सगळेच राजे असे म्हणतात.

पूर्वी तळ्याच्या दारांवर राखणदार असत. पाटांवर पाटकरी असत. नदीकाठच्या पाणथळीत कोणी बांध घालू नये म्हणून फिरता पहारा असे. आता या मंडळींची गरज काय? राजा बोलला की काम झाले! म्हणून साऱ्यांना नारळ दिला आणि देखरेखीला एकच अधिकारी ठेवला, पाहणीप्रधान भद्रमुख. त्याने हत्तीवर बसायचे आणि पाहायचे, एवढेच काम.

राजाची राणी शाल्मली ही खाचरवाडीची. खाचरवाडी आणि तिच्या शेजारची सहा गावे तळ्याच्या खालच्या अंगाला, नदीच्या कुशीत वसलेली, भातासाठी नावाजलेली. राजा एकदा शिकारीत वाट चुकला आणि तिथल्या बांधावर येऊन उभा राहिला. चिखलात रोपे लावणाऱ्या एका मुलीला त्याने रस्ता विचारला. तिने हातातली रोपांची जुडी खाली न ठेवता नुसत्या हनुवटीने दिशा दाखवली. राजा त्या हनुवटीवर भाळला आणि खाचरवाडीची मुलगी राणी झाली.

श्रावण लागला की राणीला माहेरची ओढ लागे. पंचमीच्या झोक्यासाठी ती दरवर्षी जाई. एका वर्षी राजा म्हणाला, "यंदा जाणे नाही. उत्तरेचे राजदूत येणार आहेत."

"राजदूत दरवर्षी येतात, महाराज. माझी पंचमीही दरवर्षी येते."

"राज्य मोठं की ते चिखलाचं गाव?"

"चिखल म्हणू नका. तुमच्या ताटातला भात त्याच चिखलातून येतो."

झाले! राजाचा पारा चढला. चढलेल्या पाऱ्याने माणूस जे बोलतो तेच तोही बोलला. "खाचरवाडी, खाचरवाडी, खाचरवाडी! त्या खाचरवाडीवर आणि तिच्या शेजारच्या साऱ्या गावांवर मी पाणी सोडलं!"

आता तुम्हीआम्हीही असे म्हणतोच. हरवलेल्या छत्रीवर पाणी सोडतो, चोरीला गेलेल्या तांब्यावर पाणी सोडतो. म्हणजे काय, तर हक्क सोडला, नाद सोडला, गेले तर गेले. राणीलाही ते तसेच कळले. ती पाठ फिरवून निघून गेली, आणि संध्याकाळपर्यंत राजा आपण काय बोललो ते विसरूनही गेला.

तळ्याला मात्र ते तसे कळले नाही.

दुसऱ्या दिवशी लख्ख ऊन होते. आकाशात ढगाचा ठिपका नव्हता. अशा उन्हात तळ्याची सागवानी दारे कोणी हात न लावता कुरकुरत वर गेली आणि पाणी सुटले! नदी काठ सोडून धावली. सात गावांची खाचरे गेली, गोठे गेले, भिंती बसल्या. माणसे गुरांची दावी सोडत, पोरे खांद्यावर घेत झाडांवर चढली. आणि नवल असे की, सातव्या गावाच्या शिवेच्या दगडापाशी येऊन पाणी भिंतीसारखे उभे राहिले. त्यापलीकडे गवताच्या एका पात्याचे टोकही ओले झाले नाही.

राजा तळ्याकाठी धावला. "थांब!" तो ओरडला. "मागे फिर!" आजवर त्याच्या कुजबुजण्याने वळणारे पाणी त्याच्या अंगावर शिंतोडे उडवून पुढे निघून गेले.

पुढच्या वर्षी श्रावणात त्याच दिवशी तेच झाले. दोन्ही वेळा भद्रमुख पाहणीला गेला. हत्तीवर अंबारी, अंबारीवर छत्र आणि हत्तीमागे पाण्याने भरलेले मोठमोठे रांजण, कारण पाहणीप्रधानांना तहान फार लागे. टेकडीवरून त्याने पाहिले, पाणी प्याला, पुन्हा पाहिले, पुन्हा प्याला आणि दरबारात येऊन मुजरा करून म्हणाला, "महाराज, पूर आला होता. नंतर तो गेला."

"कारण?"

"पाणी, महाराज."

तिसऱ्या वर्षी आषाढात राणीची आई हौसाबाई राजवाड्यात आली. पोटऱ्यांपर्यंतचा चिखल न धुता तशीच आत आली. बैठकीवर बसली नाही, उंबऱ्याशी बसली.

"बाय, औंदा लावनी केली हाय," ती म्हणाली. "बियानं हुतं नव्हतं ते समदं जमिनीत घातलंय. औंदाबी पानी आलं तर गावं उठनार. साती गावांनी ठरवलंय. कोन डोंगराकडं जाईल, कोन परमुलखात. मंग तुला म्हायार ऱ्हानार न्हाई."

राणी आईच्या शेजारी उंबऱ्यावरच बसली आणि माहेरच्या बोलीत म्हणाली, "न्हाई उठू देनार, आये. म्या बगते."

आणि ती त्याच पावली ओघनाथाच्या तळ्याकडे निघाली.

तळ्याच्या मधोमध एक जुना खांब होता. त्यावर एक पाणकावळा पंख पसरून वाळत बसला होता. तो ओघनाथाचा द्वारपाल.

"कोण?" पाणकावळ्याने विचारले.

"राणी शाल्मली. आत जायचं आहे."

"पोहता येतं?"

"खाचरवाडीची आहे मी."

"मग मी विचारलंच नाही असं समज," असे म्हणून त्याने एक पंख मिटून वाट दिली.

राणी पोहत गेली आणि तिने भोवऱ्यात बुडी घेतली. खाली पायऱ्या होत्या. त्या उतरून ती गेली तो काय, डोक्यावर पाण्याचे छत, छतात मासे फिरताहेत आणि खाली कोरड्या ओसरीवर ओघनाथ एका फाटलेल्या ओढ्याला टाके घालत बसलेला.

"त्या पहिल्या पुराच्या आदल्या दिवशी राजा काय बोलला, ते आठव," मान वर न करता तो म्हणाला.

राणी आठवू लागली. पंचमी, राजदूत, चिखल. मग ते वाक्य तिच्या कानात जसेच्या तसे वाजले. तिला आधी हसू फुटले, आणि हसता हसता ती रडू लागली.

"एवढ्यासाठी? अहो, ते बोलण्यातलं बोलणं होतं!"

"पाण्याने शब्द ऐकला. त्याचं काय चुकलं?"

"मग 'थांब' हा शब्द का नाही ऐकला?"

"ज्यावर पाणी सोडलं, ते राजाचं उरलं नाही. जे राजाचं नाही, तिथे राजाचा हुकूम कसा चालेल?"

राणीने डोळे पुसले. "उपाय सांगा."

ओघनाथाने सुई खाली ठेवली. "तीन कामं आहेत. श्रावणातल्या त्या दिवसाआधी व्हायला हवीत. पहिलं, नदीचं पाणी जोखून ये. दुसरं, या राज्यात पाणी कुठे मुरतंय ते शोधून काढ. तिसरं, राजाच्या तोंडचं पाणी पळव. माझा थेंब अजून त्याच्या जिभेवर आहे. तो तोंडातून गेला की वरही संपला आणि शापही संपला."

"बस्स?"

"बस्स म्हणतेस? ये करून," ओघनाथ म्हणाला आणि पुन्हा ओढा शिवू लागला. पाणकावळा तिच्याबरोबर निघाला. वाळत बसायचा त्याला कंटाळा आला होता म्हणे.

राजवाड्यात परतल्यावर राणीने भद्रमुखाला विचारले, "प्रधानजी, नदीचं पाणी कसं जोखतात?"

"हत्तीवरून, राणीसाहेब," तो म्हणाला आणि घटाघटा तांब्याभर पाणी प्याला.

राणी हत्तीवरून गेली नाही. आषाढाची नदी दोन्ही काठ चाटत, झाडांचे ओंडके नाचवत चालली होती. शाल्मलीने पदर खोचला आणि पाण्यात पाऊल टाकले. पाणी घोट्याशी आले, गुडघ्याशी आले, कमरेला आले. तिने पायाची बोटे चिखलात रोवली. लावणी करणारी बाई रोवते तशीच रोवली. पाणी छातीशी आले! नदीने तिच्या अंगावर बाभळीचा फाटा फेकला, तो तिने बाजूला सारला. नदीने एक धामण पाठवली, ती राणीच्या खांद्यावरून पलीकडे गेली आणि राणी हलली नाही. पाणी हनुवटीशी आले.

"वर ये! वर ये!" पाणकावळा डोक्यावर घिरट्या घालत ओरडत होता. राणीला वर यायचे नव्हते. तिच्या छातीत धडधडत होते, पण इतक्या वर्षांनी पायाला गावचा गाळ लागला होता आणि तिला कसला तरी विलक्षण आनंद होत होता.

तेवढ्यात नदी बोलली. "कुणाची गं तू?"

"खाचरवाडीची."

"तरीच! राजवाड्यातलं कोणी इथवर येत नाही. पोरी, मी तुझं पाणी जोखलं."

"पण जोखायला तर मी आले होते!"

"मग जोख. काय दिसलं तुला माझ्यात?"

राणीने डोळे मिटले. तिच्या अंगाला घासून जाणारे पाणी ढकलत होते, पण त्यात द्वेष नव्हता. "तुला राग आलेला नाही," ती हळूच म्हणाली. "तू दमली आहेस."

नदी क्षणभर अगदी संथ झाली. "दमले बाई. तळ्यातून मला ढकलतात, आणि टेकायला जागा नाही. पूर्वी पूर आला तरी मी तुमच्या गावाच्या बाजूच्या पाणथळीत बसायचे. लव्हे होते, बगळे होते, म्हशी होत्या. तिथे मुरायचे, थोडी थोडी पुढे सरकायचे. आता तिथे बांध आहे. राजाच्या शब्दानं मी तुमच्या दारात येते हे खरं, पण एवढी मोठी होऊन येते ती त्या बांधानं."

"पहिलं झालं!" पाणकावळा किंचाळला आणि आनंदाने पाण्यात एक बुडी मारून मासा घेऊन आला.

राणी ओल्या लुगड्यानेच पाणथळीकडे निघाली. पाहते तो तिथे ताडासारखा उंच बांध, आणि बांधावर भालेकरी.

"पुढे जायला मनाई आहे. पाहणी चालू आहे," भालेकरी म्हणाला. मग त्याने तिची हनुवटी ओळखली आणि भाला आडवा करून वाट दिली.

बांधापलीकडे पाण्याचा टिपूस नव्हता. लव्हे वाळून कुडकुडीत झाले होते, जमीन तडकली होती. मधोमध एक भला मोठा खड्डा होता. खड्ड्यात तांब्याची पेटी आणि पेटीशेजारी रांजणात तोंड घालून पाणी पिणारा पाहणीप्रधान भद्रमुख!

"ही पेटी मला ठाऊक आहे," पाणकावळा राणीच्या कानाशी म्हणाला. "फार जुन्या एका राजाने ही पाणथळ एका सावकाराला विकली आणि मोबदल्यात हे सोनं घेतलं. नदीने सोन्याला शाप दिला. जो हात लावील, त्याची तहान भागणार नाही. राजाने घाबरून पेटी पाणथळीतच पुरली आणि जमीन परत घेतली. पाण्याखाली होती तोवर कोणाला त्रास नव्हता. यानं मात्र सोन्यासाठी बांध घालून पाणथळ कोरडी केली."

राणी खड्ड्याच्या काठाशी गेली. "प्रधानजी, किती पाणी प्यालात आज?"

भद्रमुखाने रांजणातून तोंड काढले. त्याच्या मिशांवरून पाणी ओघळत होते आणि ओठांना भेगा पडल्या होत्या. "विचारू नका, राणीसाहेब. आत जातं आणि जातं कुठे तेच कळत नाही."

"कुठेतरी पाणी मुरतंय अशी मला शंका होतीच."

भद्रमुख उठून उभा राहिला आणि त्याने अंगरखा सारखा केला. "हा बांध राज्याच्या हितासाठी आहे. तो फोडायचा तर राजाज्ञा लागेल."

"घालताना घेतली होती?"

भद्रमुखाने पुन्हा रांजणात तोंड घातले. पाणकावळ्याला हसू आवरेना.

राणीने सात गावांत निरोप धाडला. कुदळी आल्या, फावडी आली, पहारी आल्या. म्हातारी माणसे घमेली घेऊन आली. राणीने पहिली कुदळ मारली आणि मग जो दणका उडाला, तो काय सांगावा! भालेकऱ्यांनी भाले टाकून फावडी उचलली. बांधाला भगदाड पडले, नदीने आत डोकावून पाहिले आणि आपली जुनी जागा ओळखून ती हसत हसत आत शिरली. तांब्याची पेटी गाळात रुतत रुतत दिसेनाशी झाली. भद्रमुख कमरेइतक्या पाण्यात उभा होता. तो दोन्ही हातांनी ते गढूळ पाणी प्याला, थांबला, त्याने पुन्हा एक ओंजळ भरली आणि पिता पिता त्याच्या लक्षात आले की आता नको. तहान भागली होती. तो तिथेच पाण्यात बसला आणि हमसून हमसून रडला.

"दुसरं झालं!" पाणकावळा म्हणाला.

आता तिसरे. शाल्मली राजाकडे गेली आणि तिने पहिल्यापासून सगळे सांगितले. राजा दीप्तसेन ऐकता ऐकता पांढराफटक पडला. मग त्याने मान खाली घातली.

"मी बोललो? मीच?"

"तुम्हीच. मीही ऐकलं आणि विसरले."

"मग उशीर कशाला? मला घाबरव! माझ्या तोंडचं पाणी पळव. मी तयार आहे."

पण घाबरायला तयार होऊन बसलेला माणूस घाबरतो कुठे? राणीने वाघ आणवला. राजा डोळे विस्फारून बसला, वाघाने डरकाळी फोडली, आणि राजाच्या तोंडून आधी "वा!" असे निघाले. मग त्याने वाघाच्या कानामागे खाजवले. पाणकावळ्याने रानातल्या वडावरून एक जुना समंध बोलावून आणला. त्याचे पाय उलटे, डोळे निखाऱ्याचे. राजा म्हणाला, "या, बसा," आणि दोघे सोंगट्या खेळत बसले. समंध हरला आणि रुसून वडावर परत गेला. राजा बिचारा मनापासून प्रयत्न करी. दिवसातून अनेकदा जीभ बाहेर काढून आरशात पाही. थेंब जिभेवर तसाच चमकत असे.

अन् असे करता करता श्रावणातला तो दिवस उजाडला.

राजाने सातही गावे पहाटेपासून टेकडीवर चढवली. स्वतः तो म्हाताऱ्यांना हात देत होता, वासरे उचलत होता. पण खाली हिरवीगार खाचरे होती, आणि टेकडीवरचा प्रत्येक माणूस त्यांच्याकडे शेवटचे पाहावे तसे पाहत होता. शाल्मलीने माणसांत आईला शोधले. हौसाबाई नव्हती.

"म्हातारी परत गेली," कोणीतरी म्हणाले. "म्हनली, म्या न्हाई येत. दरसाल उठायचं, दरसाल बसायचं, आता बास झालं."

राणी टेकडी उतरून धावत सुटली. घरात हौसाबाई चुलीपुढे शांत बसली होती.

"आये, चल!"

"तू जा, बाय. तुला राज्य हाय. माजं समदं हितं हाय."

"तुज्याबिगर म्या जात न्हाई!"

"मंग बस," हौसाबाई म्हणाली. तिने हे गमतीने म्हटले नव्हते.

दूर तळ्याची दारे कुरकुरली. तो आवाज शाल्मलीने ऐकला. पाणी आले! अंगणात आले, ओसरीवर चढले, चुलीतला जाळ फुसकन विझला. शाल्मलीने आईला ओढत माळ्यावर चढवले. माळ्याला एक झरोका होता, त्यातून टेकडी दिसत होती. पाणी शिडीच्या पायऱ्या गिळत वर येत होते. मातीची भिंत भिजून बसू लागली. "रोवून उभं राहायला इथं चिखलही नाही," असे शाल्मलीच्या मनात आले, आणि तिला खरोखर भीती वाटली. तिने आईला घट्ट धरले.

तिने झरोक्यातून पाहिले. टेकडीच्या कडेवर राजा उभा होता. त्याने घर पाहिले होते. झरोक्यातले तोंडही त्याला दिसले असावे. त्याने हाक मारायला तोंड उघडले. तोंड उघडे राहिले आणि आवाज आला नाही. पुन्हा उघडले, पुन्हा नाही. मग तो धावत सुटला. मुकुट पडला, जोडे सुटले, आणि तो सरळ पुरात शिरला.

"अगं आये!" शाल्मली किंचाळली. "त्यास्नी पवता येत न्हाई!"

खरेच येत नव्हते. ज्याचे पाणी ऐकते, तो पोहायला कशाला शिकेल? कमरेपर्यंत गेला, गळ्यापर्यंत गेला, एकदा बुडाला, वर आला. त्याचे ओठ कोरडे ठणठणीत होते, जीभ टाळूला चिकटली होती. आणि त्या कोरड्या ओठांवरून एक थेंब घरंगळला, काचेच्या मण्यासारखा, लखलखीत. पाणकावळा सूर मारून आला, त्याने तो थेंब चोचीत झेलला आणि तळ्याकडे उडून गेला.

पुराचे पाणी थबकले. इतकी वर्षे ते कोणाच्या तरी शब्दावर चालत होते, आता कोणी काहीच सांगत नव्हते. ते थोडे खाचरवाडीच्या दाराशी घुटमळले. मग त्याने उतार पाहिला, फुटलेला बांध पाहिला, आणि सारे पाणी वळून खळाळत पाणथळीकडे निघाले! टेकडीवरून असा आरडाओरडा उठला की बगळ्यांचे थवे आकाशात उडाले. खाचरांतले पाणी उतरत गेले, आणि त्यातून भाताची रोपे एकेक करून वर आली, वाकलेली, गाळाने माखलेली, पण मुळाशी धरलेली.

शाल्मली शिडीवरून उडी टाकून धावली. राजा अंगणात गुडघाभर चिखलात उभा होता. तिने त्याला मिठी मारली, आणि सात गावांनी ते पाहिले, तरी तिने सोडली नाही. राजा काही बोलू पाहत होता. ओठ हलत होते, शब्द फुटत नव्हता.

"जावयबापू, काय म्हंताय?" हौसाबाईने माळ्यावरून विचारले.

राजाने हाताने खूण केली. मग घशातून कसाबसा एक शब्द ओढून काढला. "पाणी."

हौसाबाईने माळ्यावरचा डेरा तिरका करून तांब्या भरला आणि खाली दिला. राजाने तो संपेपर्यंत तोंडाचा काढला नाही. आजवर पाण्याला त्याने हुकूम दिले होते, मागितले कधीच नव्हते.

तांब्या खाली ठेवून तो जमलेल्या गावाकडे वळला. "ही गावं आता माझी नाहीत," तो म्हणाला. "मी त्यांच्यावर पाणी सोडलं. थेंब गेला, पूर गेला, पण मी सोडलेला हक्क आपोआप परत येत नाही. तो मी कोणत्या तोंडाने मागू?"

हौसाबाई शिडी उतरून आली, पदराने हात पुसले, आणि म्हणाली, "गावं तुमची न्हाईत ना? मंग तुमी गावाचे व्हा की."

राजाने तिच्या पायांवर डोके ठेवले.

त्यानंतर राज्याची घडी पुन्हा बसली. राखणदारांना बोलावून आणले, पाटकरी आपापल्या पाटांवर गेले. तळ्याचे दार उचलायचे तर आधी सात गावांत हलगी फिरे, आणि गावे 'हो' म्हणाल्याशिवाय दाराला कोणी हात लावत नसे. पाणथळीत पुन्हा लव्हे उगवले. तिथला राखणदार म्हणून भद्रमुखाला नेमले, आणि खोटे कशाला सांगू, त्याने ते काम चोख केले. पाहणीला जायचे ते पायी, आणि पाहणी करणाऱ्याने जेवायचे ते सर्वांत सखल घरात, असा नियम झाला. पाणी आता कोणाचेच ऐकत नव्हते. त्यामुळे सगळ्यांना त्याच्याकडे लक्ष द्यावे लागे.

आषाढात लावणी लागली की राजा राणीबरोबर चालत खाचरवाडीला येई आणि चिखलात उतरे. त्याच्या ओळी वाकड्या जात. त्याची पाठ वळली की हौसाबाई ती रोपे उपटून पुन्हा सरळ लावी. राजा ते पाही, आणि काही बोलत नसे.